थांबायचं कोणी?

मेथीची जुडी वीस रुपयांना. गिऱ्हाईक पुठ्ठ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करतं, पिन टाकतं आणि मोबाइलवर गोल चकरी फिरत राहते. मग गिऱ्हाइकाच्या बँकेचा मेसेज येतो : पैसे कटले. भाजीवालीच्या फोनवर मात्र काहीच नाही.

"गेले ना मावशी पैसे."

"माह्याकडं त नाही आले."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही आठवडी बाजारात हा संवाद आता ऐकू येतो. खाप्याचा बाजार त्याला अपवाद कसा असेल? खापा म्हणजे सावनेर तालुक्यातलं, कन्हानच्या काठचं, नगर परिषदेचं गाव. नागपूरच्या उत्तरेला साधारण ३५ किलोमीटरवर. हातमागाचं जुनं गाव, आणि शेजारी गुमगावला मॉयलची मँगनीजची खाण. अशा गावात उधारीची नोंद वर्षानुवर्षं एका वहीत व्हायची आणि ती वही एकाच माणसाकडे असायची. नोंद खरी की खोटी यावरून भांडणं होत, पण नोंद नेमकी कुठे आहे असा प्रश्न कुणाला पडत नसे. आता वीस रुपयांची नोंद निरनिराळ्या शहरांतल्या, निरनिराळ्या मालकांच्या चार-पाच यंत्रणांत होते. त्या सगळ्यांनी एकच गोष्ट मान्य केली, तरच मेथीचा व्यवहार पुरा.

गिऱ्हाईक आणि भाजीवाली दोघंही खरं बोलताहेत, हे आधी मान्य करू. एकाच घटनेबद्दल दोन यंत्रं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोन्ही प्रामाणिक असतात, असं का होतं? या प्रश्नावर जगातली काही तल्लख माणसं पन्नास वर्षं डोकं चालवत आहेत. त्यांच्या शास्त्राला कन्सेन्सस म्हणतात. आपण एकमत म्हणू. वाचून वाचून माझं मत असं झालं आहे, की या शास्त्रात खरं-खोटं ठरवण्याचा भाग थोडाच. सगळी बुद्धी खर्ची पडते ती दुसऱ्या एका प्रश्नावर : समोरून उत्तरच आलं नाही तर किती थांबायचं, आणि त्या थांबण्याची झळ कोणी सोसायची?

आधी यूपीआयचा रस्ता पाहू. देणाऱ्याच्या ॲपने मागणी पाठवली की ती एनपीसीआयच्या, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या, मधल्या स्विचकडे जाते. २००८ साली स्थापन झालेली ही मुंबईची संस्था. ११ एप्रिल २०१६ रोजी २१ बँकांना घेऊन तिने यूपीआयची चाचणी सुरू केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांचा आकडा २००० कोटींच्या पुढे गेला. हा स्विच आधी घेणाऱ्याचा पत्ता पक्का करून घेतो. मग देणाऱ्याच्या बँकेला सांगतो, एवढी रक्कम वजा करा. बँक पिन तपासते, वजा करते, ‘झालं’ म्हणून कळवते. मग घेणाऱ्याच्या बँकेला हुकूम : एवढी रक्कम जमा करा. तिकडूनही ‘झालं’ आलं की दोन्ही ॲपना निरोप जातो. काही सेकंदांचा खेळ.

घेणाऱ्याच्या बँकेने ‘जमा होत नाही’ असं सांगितलं तर काम सोपं आहे. वजा केलेली रक्कम उलट फिरवायची. नकार हेसुद्धा उत्तरच असतं. घोटाळा होतो तो ती बँक गप्प बसली तर. तिच्यापर्यंत हुकूमच पोचला नसेल. किंवा पोचला, पैसे जमाही झाले, आणि ‘झालं’ हा निरोप परतीच्या वाटेवर हरवला असेल. किंवा तिचं यंत्र नुसतंच दमलं असेल आणि आणखी दहा सेकंदांनी उत्तर देणार असेल. स्विचच्या जागेवर बसून या तीन शक्यतांत फरक करता येत नाही. तिन्हींचं रूप एकच : शांतता. पैसे परत फिरवावेत, तर ते तिकडे जमा झालेले असू शकतात. न फिरवावेत, तर गिऱ्हाइकाला नाहक भुर्दंड. अशा व्यवहाराला यूपीआयच्या कारभारात ‘डीम्ड’, म्हणजे झाला असं धरून चाललेला, म्हणतात आणि नंतर दोन्ही बँकांचे हिशेब ताडून त्याचा निकाल लावतात. तोवर मेथीची जुडी कुणाच्या पिशवीत असावी, हे यूपीआय सांगत नाही.

या शांततेवर सिद्धान्त आहे, आणि तो निराश करणारा आहे. दरीच्या दोन अंगांना एकाच पक्षाच्या दोन सेना, मधे शत्रू. दोघींनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. निरोप्या दरीतून जाणार आणि तो पकडला जाऊ शकतो. पहिला सेनापती कळवतो, ‘पहाटे हल्ला’. निरोप पोचला की नाही हे त्याला पोच आल्याशिवाय कळणार नाही. पोच पाठवणाऱ्या दुसऱ्यालाही आपली पोच पोचली का, हे पोचेची पोच आल्याशिवाय कळणार नाही. याला शेवट नाही. कितीही निरोप ये-जा करोत, शेवटचा निरोप पाठवणारा नेहमी साशंकच राहणार. मूळचा प्रश्न १९७५ सालच्या एका शोधनिबंधात दोन टोळ्यांचा म्हणून आला होता. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी टोळ्यांचे सेनापती केले आणि प्रश्न त्याच नावाने रूढ झाला. डेटाबेस या विषयातलं हे मोठं नाव, १९९८ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. २००७ च्या जानेवारीत ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाची बोट घेऊन समुद्रात गेले आणि परतले नाहीत. उपग्रहांची छायाचित्रं धुंडाळूनही बोट सापडली नाही.

ग्रे यांच्याच त्या १९७८ च्या टिपणात एक व्यवहारी तोडगाही आहे. एकाला मध्यस्थ नेमायचं. त्याने आधी सगळ्यांना विचारायचं, ‘तयार आहात का?’ सगळे ‘हो’ म्हणाले तरच दुसऱ्या फेरीत हुकूम द्यायचा, ‘करा’. याला टू-फेज कमिट म्हणतात आणि एका बँकेच्या आतल्या यंत्रांत ते पुष्कळ वापरलं जातं. त्यातली खोच अशी, की ‘हो’ म्हटलेला माणूस बांधला जातो. मध्यस्थ दोन फेऱ्यांच्या मधेच बंद पडला, तर ‘हो’ म्हणून बसलेल्यांना पुढेही जाता येत नाही आणि मागेही. खातं कुलूपबंद. आता कुठलीशी दुसरी बँक आणि मधला स्विच जागे होईपर्यंत आपल्या खातेदाराचं खातं गोठवून ठेवायला कोणती बँक कबूल होईल? म्हणून यूपीआय त्या वाटेला गेलं नाही. आधी वजा, मग जमा, आणि बिघडलं तर उलट नोंद. कुणालाच बांधून ठेवायचं नाही. निवड शहाणपणाचीच आहे, पण तिची किंमत आहे. अधूनमधून पैसे हवेत लटकतात आणि ते लटकलेले असेपर्यंत थांबतो तो खातेदार.

सेनापतींच्या गोष्टीत निरोप हरवत होते. १९८५ मध्ये मायकल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकल पॅटर्सन यांनी त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट सिद्ध केली. समजा, एकही निरोप हरवत नाही, फक्त उशीर किती होईल याला मर्यादा नाही. समजा, सगळी यंत्रं प्रामाणिक आहेत, फक्त एखादं बंद पडू शकतं. एवढ्या सोप्या जगातही नेहमी निर्णयाला येईलच अशी हमी देणारी ठरीव कार्यपद्धती अस्तित्वात असू शकत नाही. कुणाला सापडली नाही असं नव्हे. असूच शकत नाही. कारण पुन्हा तेच. मेलेलं यंत्र आणि मंद यंत्र दुरून सारखंच दिसतं.

गणिताने दार असं बंद केल्यावर अभियंत्यांनी खिडक्या शोधल्या. कुणी कार्यपद्धतीत नाणेफेक आणली. कुणी म्हणालं, जाळं कायमचं बेभरवशाचं नसतं, कधी ना कधी ते शुद्धीवर येतं, एवढं गृहीत धरू. तुषार चंद्रा आणि सॅम टूएग यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की ‘हा मेला असावा’ असा नुसता संशय घेणारं, चुकणारंसुद्धा, एखादं साधन हाताशी असेल आणि ते काही किमान अटी पाळत असेल तरी काम भागतं. या सगळ्या खिडक्यांना एक समान शर्त आहे. दोन परस्परविरोधी निर्णय कधीच व्हायचे नाहीत, ही हमी पक्की. निर्णय वेळेत होईल, ही हमी नाही. थोडक्यात, चुकण्यापेक्षा थांबणं बरं.

यापुढची युक्ती मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत देखणी वाटते, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. युक्ती बहुमताची. एकच नोंद पाच यंत्रांत ठेवायची आणि पाचांपैकी तिघांनी लिहून घेतली की ती पक्की मानायची. तीनच का? नगर परिषदेच्या सभेचं उदाहरण घ्या. समजा, पाच सदस्य आहेत आणि निम्म्याहून अधिक हजर असल्याशिवाय ठराव होत नाही. सोमवारी तिघे जमले आणि त्यांनी एक ठराव केला. बुधवारी दुसरे तिघे जमले. पाचांतून तीन-तीन कसेही निवडा, निदान एक सदस्य दोन्ही सभांत असणारच. सोमवारी काय ठरलं हे तो सांगेल. बुधवारच्या सभेने अट एवढीच पाळायची, की नवं काही मांडण्याआधी हजर असलेल्यांना विचारायचं : याआधी तुम्ही कशाला संमती दिली होती? दोन सदस्य आजारी असोत, गावाला गेलेले असोत की दार लावून बसलेले असोत, कारभार अडत नाही. तिघे गैरहजर असले तर मात्र सभा तहकूब. त्या दिवशी काहीच ठरणार नाही, पण दोन उलटे ठराव कधीच होणार नाहीत.

या नियमाला एक बारीकशी जोड लागते. सोमवारच्या सभेचा अध्यक्ष मधेच झोपी गेला, बाकीच्यांनी दुसरा निवडला, आणि पहिला जागा होऊन आपण अजून अध्यक्षच आहोत अशा थाटात हुकूम सोडू लागला तर? म्हणून प्रत्येक अध्यक्षपदाला चढता क्रमांक द्यायचा. मोठ्या क्रमांकाचा अध्यक्ष एकदा पाहिला की लहान क्रमांकाच्या हुकमाकडे कुणी लक्ष द्यायचं नाही. उठलेल्या माणसाला तो क्रमांक दिसला की मुकाट्याने खाली बसायचं. खुर्चीवरच्या माणसांना हे जमत नाही, यंत्रांना जमतं.

हीच कल्पना लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९९० मध्ये निबंध लिहून मांडली आणि थट्टेथट्टेत तिची पंचाईत करून ठेवली. पॅक्सोस नावाच्या ग्रीक बेटावर पूर्वी एक संसद होती, तिचे सदस्य मधूनच उठून जात, आणि पुरातत्त्वज्ञांना तिचे नियम सापडले आहेत, असा आव आणून त्यांनी तो लिहिला. परीक्षकांनी मजकूर बरा म्हटला, पण बेटाची भानगड काढून टाकायला सांगितली. लॅम्पोर्टनी निबंध तसाच ठेवून दिला. तो छापून आला १९९८ मध्ये. २००१ मध्ये त्यांनी तीच गोष्ट साध्या इंग्रजीत पुन्हा लिहिली, तरी त्या बेटाच्याच नावाने ओळखली जाणारी ही पॅक्सोस पद्धत अवघड, ही ख्याती काही गेली नाही. गूगलमध्ये ते प्रत्यक्षात उतरवणाऱ्यांत पुढे तुषार चंद्राही होते. २००७ च्या निबंधात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कबुली दिली, की कागदावर एका पानात मावणारी ही पद्धत प्रत्यक्षात काही हजार ओळींचा प्रोग्रॅम झाली. डिस्क सडते, आवृत्त्या बदलतात, माणसं चुकीचं बटण दाबतात. यांतलं काहीच त्या एका पानावर नव्हतं.

स्टॅनफर्डच्या डिएगो ऑन्गारो आणि जॉन औस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये राफ्ट नावाची पद्धत मांडली, तेव्हा त्यांनी एक वेगळाच निकष लावला : समजायला सोपी. दोन विद्यापीठांतल्या ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही पद्धती शिकवून परीक्षा घेतली. ३३ जणांना राफ्टमध्ये जास्त गुण पडले. शोधनिबंधात विद्यार्थ्यांचे गुण हा पुरावा म्हणून यावा, हे मला फार आवडलं. राफ्टमध्ये एक नेता असतो आणि तो ‘मी आहे, मी आहे’ असं ठरावीक अंतराने सांगत राहतो. ते ऐकू येईनासं झालं की अनुयायी निवडणूक लावतात. सगळे एकदमच उमेदवार होऊन मतं फुटू नयेत म्हणून प्रत्येकाने वेगवेगळा, यादृच्छिक काळ थांबायचं. मूळ निबंधात तो १५० ते ३०० मिलिसेकंद सुचवला आहे. इथेही प्रश्न तोच, किती थांबायचं? कमी थांबलात तर जिवंत नेत्याला मेला समजून रोज निवडणुका. जास्त थांबलात तर मेल्या नेत्याची वाट पाहत कारभार ठप्प.

मराठी वाचकाने अभिमानाने सांगावं असं या विषयातलं एक काम पुण्यात झालं आहे. थॉटवर्क्समधले उन्मेष जोशी यांचं ‘पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्यूटेड सिस्टिम्स’ हे पुस्तक २०२३ मध्ये ॲडिसन-वेस्लीने, मार्टिन फाउलर यांच्या ग्रंथमालेत, प्रसिद्ध केलं. काफ्का, कॅसँड्रा, कुबरनेटिस ही साधनं आपल्याकडचे हजारो अभियंते रोज वापरतात; पण त्यांच्या पोटात काय चालतं हे पाहायला फार थोडे जातात. सिद्धान्ताचे निबंध एका टोकाला आणि वापराच्या पुस्तिका दुसऱ्या टोकाला, मधे रान. जोशींनी या साधनांचा उघडा प्रोग्रॅम वाचून त्यांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या युक्त्या वेचल्या, त्यांना नावं दिली आणि प्रत्येक युक्ती थोड्या ओळींच्या चालत्या प्रोग्रॅमसह समजावली. करण्याआधी लिहून ठेवायचं, ही एक. बहुमत, ही दुसरी. वर सांगितलेला अध्यक्षपदाचा चढता क्रमांक त्यांच्याकडे ‘जनरेशन क्लॉक’ या नावाने येतो. विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या विषयाचा पेपर अजून व्याख्या पाठ करून सोडवला जातो, अशी माझी समजूत आहे आणि ती चुकीची ठरली तर आनंदच. त्या मुलांच्या हाती हे पुस्तक पडायला हवं.

पद्धत निर्दोष असली म्हणून निभावतं असं मात्र नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या, जगभरच्या प्रोग्रॅमरांचं काम साठवणाऱ्या, सेवेत नेहमीची दुरुस्ती चालू होती. प्रकाशतंतूचं उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं त्यांचं मुख्य डेटा सेंटर जाळ्यापासून तुटलं. किती वेळ? ४३ सेकंद. तेवढ्यात राफ्टवर चालणाऱ्या देखरेख यंत्रणेने नियमाप्रमाणे बहुमत जमवलं, पूर्वेकडचा नेता गेला असं ठरवलं आणि पश्चिम किनाऱ्यावर नवे नेते नेमले. पण पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी झाल्या होत्या, ज्या पश्चिमेकडे पोचल्याच नव्हत्या. जाळं परत आलं तेव्हा दोन्हीकडे एकमेकांत नसलेल्या नोंदी होत्या. त्या नीट जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. संकेतस्थळ अर्धवट चाललं तरी चालेल, पण कुणाचं काम हरवता कामा नये, असं त्यांनी ठरवलं आणि तसं जाहीर सांगितलं. यंत्रांनी ठरल्याबरहुकूम केलं होतं. खंडाच्या एका टोकाचा कारभार दुसऱ्या टोकाला ४३ सेकंदांच्या शांततेवर सोपवावा का, याचा विचार माणसांनी आधी करायला हवा होता.

म्हणून मला आपल्या रेल्वेच्या आरक्षणाचं जुनं रूप फार शहाणं वाटतं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रं होती आणि क्रिस या रेल्वेच्या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीने ती १९९९ मध्ये जोडली. नागपूरच्या खिडकीवरून देशातल्या कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. या पाच केंद्रांनी एकेका बर्थवर आपसांत एकमत करायचं म्हटलं असतं तर खिडकीसमोरची रांग इतवारीपर्यंत गेली असती. त्यांनी तो घाटच घातला नाही. प्रत्येक गाडीचा हिशेब एकाच केंद्राकडे. मागणी कुठूनही येवो, ती त्याच केंद्राकडे जाणार. ते केंद्र बंद तर त्याच्या गाड्यांचं आरक्षण बंद, बाकीच्यांचं चालू. वाद नाही, मतदान नाही. नव्या पिढीचे अभियंते जिथेतिथे एकमताची यंत्रणा बसवतात, तेव्हा या साधेपणाची आठवण येते.

इथवर सगळी यंत्रं प्रामाणिक धरली आहेत. ती बंद पडतात, उशीर करतात, पण खोटं बोलत नाहीत. बाजारात मात्र खोटं बोललं जातं. पैसे पाठवल्याचा हुबेहूब बनावट स्क्रीन दाखवून माल घेऊन जाणारे भेटू लागले, तेव्हा बोलणारा साउंडबॉक्स दुकानादुकानांत आला. गिऱ्हाइकाच्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही. आपल्या बाजूची पोच आपल्या डब्यातून ऐकायची. खोटारड्यांचा हा प्रश्न रॉबर्ट शोस्टाक, मार्शल पीज आणि लॅम्पोर्ट यांनी १९८० मध्ये सोडवला. निमित्त होतं विमान चालवणाऱ्या संगणकांचं. अमेरिकेच्या नासासाठी ते काम चाललं होतं. बिघडलेलं उपकरण एकाला एक आणि दुसऱ्याला दुसराच आकडा सांगू शकतं. त्यांचं उत्तर असं, की एक लबाड पचवायचा तर एकूण निदान चार जण हवेत, दोन पचवायचे तर सात. तीन पुरत नाहीत. कारण उरलेल्या दोघांनी एकमेकांविरुद्ध साक्ष दिली तर तिसऱ्याला लबाड कोण हे ठरवता येत नाही. १९८२ च्या निबंधात त्यांनी सेनापतींना बायझंटाइन केलं. आधी ते अल्बेनियन असणार होते. अल्बेनियाबाहेरही अल्बेनियन लोक राहतात, कुणाचं मन दुखायला नको, असं एका सहकाऱ्याने सुचवलं म्हणून बायझंटाइन, कारण ते साम्राज्य बुडून शतकं लोटली होती.

ब्लॉकचेन म्हणून जे गाजतं ते याच प्रश्नाचं पुढचं पोर. तेही विदर्भात आलं आहे. २०२२ च्या मार्चमध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रं पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. पॉलिगॉनचा जन्म २०१७ चा, तेव्हाचं नाव मॅटिक. प्रमाणपत्राचा अंकांतला ठसा त्या साखळीत राहतो आणि कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की तो जुळतो की नाही ते कळतं. पुढे कुणी कागदात खाडाखोड केली तर ती उघडी पडते. कारण दूरदूरच्या अनोळखी यंत्रांनी, लावलेल्या ठेवीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक वजनाने, त्या ठशावर एकमत केलेलं असतं. बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं ज्या राज्यात वर्षानुवर्षं कोर्टात आहेत, तिथे याचं मोल आहेच. पण मर्यादाही तितकीच ठळक आहे. यंत्रांचं एकमत होतं ते नोंद बदललेली नाही यावर. मुळात नोंद बरोबर होती का, हे तपासायला प्रांत कार्यालयातला माणूसच लागतो. त्याने पहिल्या दिवशी चूक केली, तर ती चूक आता कुणालाच गुपचूप पुसता येणार नाही.

आता पुन्हा यूपीआयकडे, कारण थांबण्याचा प्रश्न तिथे अलीकडेच चव्हाट्यावर आला. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी देशभर यूपीआय काही तास अडखळलं. एनपीसीआयने जे कारण शोधलं ते या लेखाच्या विषयातलंच आहे. काही बँकांच्या यंत्रणा ‘त्या व्यवहाराचं काय झालं?’ ही चौकशी पुन्हा पुन्हा, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, पाठवत होत्या. त्या चौकश्यांच्या लोंढ्याखाली खरे व्यवहार दबले. उत्तर येत नाही म्हणून विचारायचं, विचारल्यामुळे उत्तर आणखी उशिरा, म्हणून आणखी विचारायचं! त्यानंतर १६ जूनपासून पैसे पाठवण्याच्या उत्तराची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणली गेली. १ ऑगस्ट २०२५ पासून अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच, मधे ९० सेकंद सोडून, विचारता येईल आणि शिल्लक एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच पाहता येईल, असे नियम आले. वर्तमानपत्रांनी ते ग्राहकांवरचे निर्बंध म्हणून छापले. खरं पाहता ते थांबण्याची शिस्त लावणारे नियम होते.

माझी तक्रार वेगळी आहे. शांतता टळत नाही, हे १९८५ पासून सिद्ध आहे. यंत्रणा कधीमधी थांबणारच. पण कोण थांबणार, हे गणित ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, आणि आपल्याकडे ते बहुधा सर्वांत लहान माणसाच्या गळ्यात पडतं. बँकेला एक दिवसाचा उशीर हिशेबात दिसतही नाही. भाजीवालीला त्याच संध्याकाळी अडत्याचे पैसे चुकते करायचे असतात. दिवसात अशा पाच जुड्या लटकल्या तर तिचा त्या दिवसाचा नफा लटकला. यूपीआयची रचना करणाऱ्यांनी मोठमोठे प्रश्न नीट सोडवले, यात शंका नाही. निर्णय लागेपर्यंत लहान रकमेची जोखीम मधल्या संस्थेने घ्यावी, विक्रेत्याला ती लगेच मिळावी आणि बँकांनी आपसांत नंतर निस्तरावं, असा नियम करायला गणिताची कसलीही आडकाठी नाही. हिशेब अवघड आहे, बनावट दाव्यांचा धोका आहे, हे मान्य. पण अडचण पैशाची आणि इच्छेची आहे.

तोवर हक्काचं जे आहे ते तरी वापरा. २० सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयवर एका खात्यातून पैसे कटले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची त्याला खातरजमा मिळाली नाही तर मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही तुम्ही तक्रार करण्याची वाट न पाहता. म्हणून चकरी फिरत राहिली तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जपून ठेवा आणि आधी ॲपवर, मग बँकेत तक्रार नोंदवा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.